लांब केसांचे ससे आणि कोकणातला पाऊस : गुठळ्या, चिकटलेल्या लेंड्या, अंघोळ घालावी का?

खाडीकाठ_गुहागर

नमस्कार मंडळी. घर गुहागर तालुक्यात, समुद्रापासून अगदी जवळ. दोन ससे आहेत. मादी पांढरी, ‘अँगोरा’ म्हणून मिळालेली, पाच महिन्यांची, वजन साधारण २ किलो. अंगभर चार बोटं लांब केस, कानांच्या टोकांवरही झुपके. नर लायनहेड आहे. त्याला मानेभोवती आयाळ आणि मांड्यांवर थोडे लांब केस, बाकी अंग आखूड. दोघांची खुराडी पडवीत आहेत. लाकडी चौकट, तळाला जाळी, वर भाताचा पेंढा.

पाऊस लागल्यापासून मादीच्या कानांमागे, काखेत आणि जांघेत गुठळ्या धरल्या आहेत. शेपटाखाली मऊ लेंड्या चिकटून केस घट्ट झालेत आणि वास येतो. दुकानदाराने कुत्र्याचा शाम्पू दिला आहे आणि आठवड्याला अंघोळ घाला म्हणतो. अजून घातलेली नाही. अंघोळ चालेल का? गुठळ्या कात्रीने कापल्या तर चालतील का? सगळेच केस उतरवावेत का? खायला दोन वेळा वाटीभर पेलेट्स (दुकानात मिळतात त्या खाद्याच्या दाबलेल्या गोळ्या), गाजर, कोथिंबीर आणि थोडं हिरवं गवत असतं. जवळपास सशांची सवय असलेले डॉक्टर नाहीत, म्हणून जरा सविस्तर सांगाल तर बरं होईल.

लोकर_आणि_कात्री

शाम्पू परत करा. लांब केसांच्या सशाला पूर्ण अंघोळ घालायची नसते, आणि कोकणात पावसाळ्यात तर मुळीच नाही. याच्या वरच्या केसांखाली बारीक, दाट लव असते. तिच्यात पाणी शिरलं की ते बाहेर येत नाही. वरून टॉवेलने पुसलेला ससा कोरडा दिसतो, पण कातडीपाशी तो तासन् तास ओला असतो. जुलैत हवाच इतकी दमट असते की तो आपोआप सुकणार नाही. शिवाय ओली लोकर घासली की तिचा नमदा, म्हणजे दाबून घट्ट झालेला थर होतो. आज जी गुठळी बोटांनी सुटली असती ती अंघोळीनंतर कात्रीशिवाय सुटत नाही. तिसरी गोष्ट सगळ्यात गंभीर आहे. पाण्यात घाबरलेला ससा मागचे पाय इतक्या जोराने झाडतो की स्वतःचाच कणा मोडून घेऊ शकतो.

पाचव्या महिन्यात गुठळ्या होणं अपेक्षितच आहे. साधारण तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात पिल्लाची मऊ लोकर जाऊन मोठ्या सशाचे केस येतात. सुटलेली जुनी लव बाहेर न पडता नव्या केसांत अडकते. हा काळ संपला की अर्धा त्रास आपोआप कमी होईल. तोपर्यंत मादीला एक दिवसाआड विंचरावं लागेल. पुढे आठवड्यातून दोनदा पुरतं. लायनहेडला आठवड्यातून एकदोनदा, केस गळत असतील तेव्हा रोज.

सामान फार लागत नाही. लांब, गोल टोकांच्या दातांची धातूची फणी घ्या, एका बाजूला विरळ आणि दुसऱ्या बाजूला दाट दात असलेली. सोबत बोथट टोकाची छोटी कात्री, कॉर्नफ्लोअर, आणि जमलं तर थंड हवा फेकणारा ब्लोअर. कॉर्नफ्लोअर म्हणजे सूप दाट करायला वापरतो ती पांढरी पावडर, मक्याचं पिवळं पीठ नव्हे. टाल्कम पावडर घेऊ नका, ती सशाच्या फुप्फुसात जाते. तारांचा ब्रश (स्लिकर) मात्र जपून वापरा. तो रोज फिरवला तर चांगली लव तुटते, आणि तुटलेल्या टोकांचाच पुढे गुंता होतो. मोठ्या अँगोराला ब्रशपेक्षा हवा जास्त मानवते. हवा कातडीपर्यंत केस दुभंगते, सुटलेले केस आणि कोंडा उडवून लावते आणि गुठळी नेमकी कुठे आहे ते दाखवते. आधी आवाजाची सवय होऊ द्या. यंत्र दूर ठेवून, पाठीकडून सुरुवात करा. तोंडावर आणि कानात हवा सोडू नका.

टेबलावर रबरी किंवा योगा मॅट अंथरा. गुळगुळीत टेबलावर पाय घसरले की ससा घाबरतो. क्रम ठरवून घ्या : कानांमागे, हनुवटीखाली, काखा, जांघा, शेपटाखाली आणि पाठ सगळ्यात शेवटी. पाठीचे केस सहसा गुंतत नाहीत, पण दिसतात म्हणून माणसं तिथेच विंचरत बसतात आणि काखा राहून जातात.

गुठळी सापडली की चिमूटभर कॉर्नफ्लोअर तिच्यात चोळा. केस कातडीपाशी दोन बोटांत घट्ट धरा, म्हणजे ओढ कातडीला बसत नाही. आता गुठळीच्या बाहेरच्या टोकापासून बोटांनी थोडे थोडे केस मोकळे करा. मुळापासून सुरू केलंत तर गाठ आवळत जाते. बोटांनी सुटेनाशी झाली तर कात्रीचं टोक गुठळीत घालून केसांच्या दिशेने, कातडीपासून बाहेरच्या बाजूला उभा छेद द्या. एका गुठळीच्या दोनतीन बारीक पट्ट्या झाल्या की त्या सुटतात.

तरीही सुटत नसेल तर कापायचं, पण गुठळी वर ओढून नाही. सशाची कातडी कागदासारखी पातळ असते. केस ओढले की तीही वर येते, केसांत दिसत नाही आणि कात्रीत सापडते. फणी कातडीला टेकवून गुठळीखाली सरकवा आणि कात्री फणीच्या वरूनच चालवा. काखेत आणि जांघेत कातडीच्या सैल घड्या असतात, जास्तीत जास्त जखमा तिथेच होतात. पोटावर कापताना आधी सडं बोटाने चाचपून घ्या, नरालाही ती असतात. एका बैठकीत पंधरावीस मिनिटं पुरे. उरलेलं उद्या.

आणि ससा शांत राहतो म्हणून त्याला उताणा करून ठेवू नका. तो निपचित पडतो ते भीतीमुळे, आराम वाटतो म्हणून नाही. पोटाची बाजू बघायची तर एकाने मांडीवर बसून त्याला छातीशी उभा धरावं, एक हात मागच्या पायांखाली. दुसऱ्याने विंचरावं.

पागोळी

शेपटाखालच्या लेंड्यांचं बघू. ही तक्रार मुळात स्वच्छतेची नाही, वाटीभर पेलेट्सची आहे. सशाला दोन प्रकारच्या लेंड्या होतात. एक कोरडी, गोल, चुरली की आत गवताचा भुसा दिसतो. दुसरी मऊ, चकचकीत, घोसासारखी, वासाची. ही दुसरी तो थेट गुदाशी तोंड नेऊन खातो, कारण तिच्यात जीवनसत्त्वं आणि प्रथिनं असतात. पेलेट्स आणि गाजर जास्त, वाळलेलं गवत कमी, असं झालं की ही मऊ लेंडी जास्त आणि पातळ होते. तो ती खात नाही, तिच्यावर बसतो. लांब केस मग ती धरून ठेवतात.

२ किलोच्या सशाला दिवसाला ५० ग्रॅमपर्यंत पेलेट्स पुरतात. स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकदा मोजून घ्या, वाटीचा अंदाज फसवतो. एकदम तोडू नका, दहाबारा दिवसांत हळूहळू उतरवा. मादी अजून वाढतेय, त्यामुळे दर आठवड्याला वजन करून ते घटत नाही ना हे पाहा. गाजर गोड असतं, अंगठ्याएवढा तुकडा आठवड्यातून एकदोनदा. वाळलेलं गवत मात्र दिवसरात्र समोर हवं. पोटात जाणाऱ्यातला सगळ्यात मोठा वाटा त्याचाच असायला हवा. चतुर्थीत घरात पाहुणे आणि मुलं असतात, प्रत्येक जण केळ्याचा तुकडा किंवा मोदकाचं सारण पुढे करतो. त्या दिवसांत खुराडं आतल्या खोलीत हलवा आणि खायला देणारं माणूस एकच ठेवा.

आता चिकटलेलं काढायचं कसं. वाळलं असेल तर पाणी लावूच नका. कॉर्नफ्लोअर चोळा, बोटांनी चुरा, विरळ फणीने काढा. ओलं आणि घट्ट असेल तरच पाणी. पसरट टबात ३-४ सेंटिमीटर कोमट पाणी घ्या, फक्त मागची बाजू टेकवा, छाती आणि पुढचे पाय तुमच्या हातावर किंवा कोरड्या टॉवेलवर राहू द्या. साबण नको. दोनतीन मिनिटांत लेंडी भिजून सुटते. टॉवेल दाबून पाणी टिपा, घासू नका. मग हेअर ड्रायर सगळ्यात कमी उष्णतेवर, फूटभर लांब आणि तुमचा हात सतत त्या झोतात. हाताला गरम लागलं तर त्याला नक्कीच भाजतंय. कातडीपर्यंत कोरडं झाल्याशिवाय सोडायचं नाही. आपल्याकडे पावसात वीज कधीही जाते, तेव्हा वीज आहे याची खात्री झाल्यावरच भिजवा. नसेल तर तेवढे केस कात्रीने काढा आणि पाण्याच्या भानगडीत पडू नका.

तिथेच एक वास नेहमी चुकीच्या ठिकाणी शोधला जातो. जननेंद्रियाच्या दोन्ही बाजूंना कातडीच्या घडीत गंधग्रंथी असतात, त्यांत तपकिरी मेणासारखा मळ साठतो. कानाच्या कापूसकाडीला कोमट पाणी लावून महिन्यातून एकदा तो हलकेच पुसा. घासून रक्त काढू नका.

हे सगळं इतकं जपायचं ते माशीसाठी. हिरव्या-निळ्या चकचकीत माशा लेंडी-मुताने भिजलेल्या केसांवर अंडी घालतात. पांढरट, बारीक, केसांच्या मुळाशी पुंजक्याने. उकाड्यात ती एका दिवसाच्या आत फुटतात आणि अळ्या जिवंत कातडी खात आत शिरतात. ससा दिवसाभरात मरू शकतो. म्हणून पावसाळ्यात सकाळ-संध्याकाळ शेपूट उचलून, केस दुभंगून बघायचंच. नुसती अंडी दिसली तर ते केस लगेच कापून टाका आणि पुढचे दोन दिवस दर काही तासांनी बघत राहा. अळ्या दिसल्या तर त्याच तासाला डॉक्टर. वाटेत चिमट्याने वेचता येतील तेवढ्या वेचा, पण पूर्ण ससा पाण्यात बुडवू नका.

गुराच्या जखमेत अळ्या पडल्या की टर्पेंटाइन घालतात. सशाला टर्पेंटाइन, रॉकेल किंवा फिनाइल लावलंत तर अळ्यांच्या आधी ससा जाईल. कुत्र्याच्या मानेवर टाकतात ते फिप्रोनिलचे थेंबही सशाला घातक आहेत, दुकानदार काहीही सांगो. खरूज झाली तर आयव्हरमेक्टिन देतात, पण ते वजन करून आणि डॉक्टरांच्याच हातून.

खाडीकाठ_गुहागर

तुम्हा दोघांचे खूप आभार. पेलेट्स काट्यावर मोजले, दिवसाला १४० ग्रॅम निघाले. शाम्पू परत जाईल. आता दोन शंका आहेत. पेंढ्याखेरीज खाली काय घालू? आणि केस पूर्ण उतरवायचे की नाही? घरी दोन मतं आहेत. एक म्हणतं पावसात थंडी वाजेल.

चिरेबंदी

पेंढा काढा. भाताच्या पेंढ्याच्या कडा खरखरीत असतात, त्याचे तुकडे लोकरीत शिरून प्रत्येक गुठळीचा गाभा बनतात, आणि पावसात त्याला दोन दिवसांत बुरशी येते. खाऊन पोषणही फारसं मिळत नाही. लाकडाच्या वखारीतला भुसा आणि काथ्या यांचंही तेच, दोन्ही लोकरीत अडकतात. डोंगरावरचं करड वाळलेलं गवत म्हणून चालेल असं वाटतं, पण त्यात कुसळी गवत असेल तर नको. कुसळं लोकरीत वळवळत आत जातात, कातडीत रुततात आणि तिथे पू होतो. गवत फुलोऱ्यावर यायच्या आधी कापून वाळवलेलं हवं. हरळी वाळवलेली उत्तम. पावसाळ्यापुरतं टिमोथीचं (सशांसाठी विकत मिळणारं वाळलेलं गवत) पाकीट मागवणंही परवडतं, कारण बुरशी आलेल्या फुकट गवताची किंमत शेवटी जास्त पडते. गवत झाकणाच्या प्लॅस्टिकच्या पिंपात ठेवा. हात घालून आत गरम किंवा दमट लागलं, कुबट वास आला किंवा पांढरी धूळ उडाली तर गायीलाही न घालता टाकून द्या.

जाळीवर पाऊण जागेत लाकडी फळी किंवा प्लॅस्टिकची छिद्रांची चटई टाका. सशाच्या तळव्याला कुत्रा-मांजरासारखी गादी नसते, तिथले केस हीच त्याची गादी. उघड्या जाळीवर किंवा ओल्या तळावर बसून ते झिजले की टाचा लाल होतात आणि फुटतात. म्हणून केस कापताना काहीही झालं तरी तळव्यांना कात्री लावायची नाही.

कोपऱ्यात मुताचा ट्रे ठेवा : तळाला वर्तमानपत्रं, त्यावर दाबलेल्या लाकडाच्या गोळ्या, त्यावर जाळी. गवताचा हारा ट्रेच्या वरच टांगा. ससे खाताना लेंड्या टाकतात, त्यामुळे बाकी खुराडं बरंच कोरडं राहतं. ट्रे रोज रिकामा करा. वास मारायला चुना भुरभुरू नका, ओल्यात तो तळवे भाजतो. पागोळ्या पडतात तिथून खुराडं तीनचार फूट आत आणि जमिनीपासून फूट-दीड फूट वर हवं. सारवलेल्या किंवा चिऱ्याच्या जमिनीची ओल वर चढते. ताडपत्रीने चारही बाजू बंद करू नका. पावसाची बाजू झाका आणि समोरची उघडी ठेवा, नाहीतर आत मुताची वाफ कोंडून नाक-डोळे वाहायला लागतात.

लायनहेडच्या आयाळीसाठी एक गोष्ट बघा. पसरट भांड्यातून पाणी पिताना आयाळ आणि गळा रोज भिजतो. तिथे कातडी लाल होते, कधी केसांना हिरवट-निळी झाक येते, तो जिवाणूंचा संसर्ग असतो. अरुंद तोंडाचं जड भांडं घ्या किंवा बाटली लावा. बाटलीची गोळी रोज बोटाने फिरवून बघा, ती अडकली तर ससा तहानलेला राहतो आणि कळत नाही.

लोकर_आणि_कात्री

थंडीची काळजी सोडा. अँगोरा थंड हवेचा प्राणी आहे. आपल्या देशात तो लोकरीसाठी पाळतात ते हिमाचल आणि उत्तराखंडात. केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेचं अँगोराचं काम कुलू खोऱ्यातल्या गडशात चालतं ते उगाच नाही. पारा २८-३० च्या वर गेला की या सशाला त्रास सुरू होतो, आणि कोकणात वर्षातले बहुतेक दिवस दुपारी तेवढा असतोच. कुलूत शोभणारी लोकर गुहागरात अंगावर वागवायला लावणं हा त्या जिवावर अन्याय आहे. माझं मत स्पष्ट आहे : प्रदर्शनात ठेवायचा नसेल तर कोकणात अँगोरा बारा महिने आखूड ठेवावा.

लोकर महिन्याला अडीच-तीन सेंटिमीटर वाढते, म्हणून कापणी दर ७५ ते ९० दिवसांनी. आपल्या हवामानात वेळा छान बसतात : मार्चच्या सुरुवातीला उन्हाळ्याआधी, मेअखेर पावसाआधी, ऑगस्टअखेर ऑक्टोबरच्या उकाड्याआधी आणि मग नोव्हेंबरात. तुमची मेची वेळ हुकली आहे, तेव्हा आत्ताच करा. कातडीलगत भादरायचं नाही, दीड-दोन सेंटिमीटर ठेवा. पूर्ण उघडी कातडी डास, माश्या आणि ऊन सगळ्यांनाच मोकळी मिळते.

पाठीच्या कण्यावर मधोमध भांग पाडा आणि एका बाजूला थर थर करत खाली या. कात्री अंगाला समांतर धरा, टोक कातडीकडे वळवू नका. डाव्या हाताने कातडी सपाट ताणून धरायची, केस ओढायचे नाहीत. आधी गुठळ्या, मग कापणी. पहिल्या वेळी दोन किंवा तीन बैठका करा. अर्धा कापलेला ससा विचित्र दिसतो, दिसू द्या. शेपटाखाली आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला सगळ्यात आखूड, कारण माशीचा धोका तिथेच. ट्रिमर मशीन नवख्याने टाळावं. दाट लव दात्यांत अडकते, पातं तापतं आणि कातडी ओढली जाते. लायनहेडची आयाळ पूर्ण कापायची गरज नाही, हनुवटीखालचे आणि मांड्यांवरचे केस आखूड केले की भागतं.

पागोळी

केस कापण्याचा आणखी एक फायदा पोटात होतो. ससा स्वतःला आणि जोडीदाराला चाटतो, गिळलेले केस त्याला उलटून टाकता येत नाहीत. गवत भरपूर असेल तर केस त्याच्यासोबत पुढे सरकतात. गवत कमी पडलं की आतडं मंदावतं आणि केस-अन्नाचा गोळा सुकून बसतो. लेंड्या लहान होत गेल्या, किंवा केसाने एकमेकींना जोडलेल्या दिसल्या, की त्याच दिवशी विंचरून काढा आणि गवत-पाणी वाढवा. पपई आणि अननस खाल्ल्याने केस विरघळतात असं सांगतात, ते खरं नाही. केसांवर त्यांचा परिणाम होत नाही, साखर मात्र पोटात जाते.

बारा तास लेंडी नाही किंवा खाणं नाही, तर उद्यावर टाकू नका. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आत्ताच एकदा जाऊन या, ससा ते बघतात का, आणि नसतील तर रत्नागिरी-चिपळूणकडे कोण बघतं, ते विचारून ठेवा. जे डॉक्टर गायीगुरांवर जास्त काम करतात त्यांना आपण होऊन आठवण द्या, की सशाला अमॉक्सिसिलिनसारखी पेनिसिलिन गटातली औषधं तोंडावाटे चालत नाहीत. आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात आणि ससा दगावतो.

खाडीकाठ_गुहागर

आज कानांमागच्या आणि एका काखेतल्या गुठळ्या सुटल्या. दुसऱ्या काखेत गुठळीखाली कातडी गोल, कोरडी आणि खपली धरलेली दिसते, रुपयाएवढी. ओढल्यामुळे असेल का?

लोकर_आणि_कात्री

ओढल्याने लालसर होते, गोल खपली होत नाही. दमट दिवसांत अशी खूण बहुधा गजकर्णाची असते, आणि ते माणसाला लागतं. यापुढे हातमोजे घाला, मुलांना दोन्ही ससे हाताळू देऊ नका, आणि त्या जागेची खरवड डॉक्टरांना दाखवल्याशिवाय कुठलंही मलम लावू नका, ससा ते चाटणार आहे. नराची फणी वेगळी करा. वापरलेल्या फणी-कात्रीवरचे केस काढून, साबणाने धुऊन, एका भागाला नऊ भाग पाणी घातलेल्या ब्लीचमध्ये दहा मिनिटं बुडवा, मग स्वच्छ पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा. कात्रीला गंज चढेल, तिला शेवटी तेलाचा हात लावा आणि पुढच्या वेळी वापरण्याआधी ते पुसून काढा. त्या काखेभोवतीचे केस आजच आखूड करा आणि कापलेली लोकर पडवीत उडू न देता कागदात गुंडाळून जाळा.